घसरतो तो पट्टा की क्लच? स्नो बाइकच्या क्लचची झीज ओळखताना

उन्हाळ्यात मातीत पळणाऱ्या मोटोक्रॉस गाडीचे पुढचे चाक काढून तिथे एक रुंद स्की बसवली आणि मागचे चाक व ते धरणारा स्विंगआर्म उतरवून त्या जागी दातेरी रबरी पट्ट्याचे संपूर्ण कीट जोडले, की तिची स्नो बाइक होते. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील सँडपॉइंट या गावी टिंबरस्लेड नावाच्या छोट्या कंपनीने हे कीट लोकप्रिय केले, २०१५ मध्ये स्नोमोबाइल बनवणाऱ्या पोलारिसने ती कंपनी विकत घेतली, आणि २०१७ मध्ये ॲस्पेन येथील एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत स्नो बाइकच्या शर्यतीचाही समावेश झाला. रॉकी पर्वताच्या दोन्ही बाजूंना, आयडाहो, मोंटाना, युटापासून कॅनडातील ब्रिटिश कोलंबियापर्यंत, आज ही वाहने हिवाळ्यातल्या डोंगरउतारांवर सर्रास दिसतात. या रूपांतरात एक गोष्ट मात्र बदलत नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच मूळ गाडीचेच राहतात. मातीसाठी आखलेला क्लच हिवाळाभर बर्फातले काम करतो, आणि त्याची झीज ओळखण्याची उन्हाळ्यातली नेहमीची खूण बर्फात आपल्याला चकवते.

ती खूण महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोटारसायकलवाल्याला ठाऊक असते. रेस दिली की इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने उचल घेत नाही. मग मेकॅनिक म्हणतो, क्लच स्लिप मारतोय, प्लेटा गेल्या. डांबरी रस्त्यावर हे निदान बहुधा बरोबर ठरते, कारण टायर रस्त्यावर सहसा घसरत नाही. म्हणजे इंजिन आणि रस्ता यांच्या मध्ये घसरू शकेल अशी एकच जागा उरते, ती क्लचची. भुसभुशीत बर्फात मात्र पट्टा सतत थोडाफार घसरतच असतो. इंजिन ओरडते आहे आणि गाडी जागची हलत नाही, हे तिथले रोजचे दृश्य आहे. त्यामुळे अनेक जण दोन उलट चुका करतात. काही जण पट्टा घसरतो आहे असे समजून जळत असलेला क्लच तसाच दामटतात, तर काही जण चांगल्या प्लेटा काढून नव्या घालतात आणि दोष ढिल्या पट्ट्यात किंवा झिजलेल्या चेन स्प्रॉकेटमध्ये तसाच राहतो. या दोन घसरणी वेगळ्या कशा ओळखाव्यात, हे सांगणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे. पण त्यासाठी आधी क्लच आतून कसा असतो ते पाहायला हवे.

मोटोक्रॉस गाडीत तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा क्लच असतो. तत्त्व तेच, जे पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ड्यूकमध्ये किंवा आपल्या रोजच्या मोटारसायकलीत आहे. इंजिनाला गिअरने जोडलेली एक डबीसारखी बास्केट असते आणि तिच्या आत गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडलेला हब असतो. दोन प्रकारच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. अस्तर लावलेल्या घर्षण प्लेटांचे बाहेरचे कान बास्केटच्या खाचांत अडकतात, आणि साध्या पोलादी प्लेटांचे आतले दात हबमध्ये अडकतात. हा गठ्ठा प्रेशर प्लेट आणि स्प्रिंग मिळून आवळून धरतात, तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटा एकजीव होऊन फिरतात. लिव्हर दाबली की हा आवळ सुटतो आणि त्या एकमेकींवरून मोकळ्या सरकतात. बहुतेक गाड्यांत कॉइल स्प्रिंगा असतात. केटीएम आणि हुस्क्वार्नाच्या अनेक गाड्यांत त्यांच्याऐवजी एकच बशीसारखी डायफ्रॅम स्प्रिंग असते.

प्लेटा झिजतात त्या घट्ट धरलेल्या असताना नव्हे, आणि पूर्ण सुटलेल्या असतानाही नव्हे. त्या झिजतात मधल्या अवस्थेत, म्हणजे ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो तेव्हा. हा हिशेब एकदा मनात नीट बसला की पुढचे सगळे सोपे जाते. सरकणाऱ्या क्लचच्या दोन्ही बाजूंना पिळण्याचा जोर सारखाच असतो, पण फिरण्याची गती वेगळी असते, आणि गतीतला हा फरक थेट उष्णतेत जातो. ४५० सीसीच्या मोटोक्रॉस इंजिनाची कमाल शक्ती ४० किलोवॉटच्या आसपास असते. समजा, तुम्ही अर्ध्या शक्तीने, म्हणजे २० किलोवॉटने, खोल बर्फातून गाडी उठवत आहात आणि क्लचची आतली बाजू बाहेरच्या बाजूच्या निम्म्याच गतीने फिरते आहे. मग १० किलोवॉट पट्ट्याकडे जातात आणि उरलेले १० किलोवॉट त्या मूठभर प्लेटांमध्ये उष्णता होऊन साठतात. १००० वॉटच्या दहा इस्त्र्या एका छोट्या डब्यात एकदम लावल्यासारखे ते आहे. उन्हाळ्यात ही अवस्था वळणावर क्षणभर येते. बर्फात रुतलेली गाडी वर काढताना ती पाच-दहा सेकंद टिकते आणि दिवसातून कित्येकदा येते. त्यात चाक जसे थोडे गडगडत पुढे जाते तसा पट्टा जात नाही. थ्रॉटल सोडला की तो लगेच गाडीला मागे ओढतो, आणि मग पुन्हा क्लचचा आधार घ्यावा लागतो.

आता उलट टोक पाहू, कारण स्नो बाइकच्या क्लचला उष्णतेइतकीच थंडीही घातक असते. उणे १५ अंश हवेत, रेडिएटरवर सतत बर्फाचा भुगा उडत असताना, इंजिन त्याच्या योग्य तापमानापर्यंत पोहोचतच नाही. तेल पुरेसे तापले नाही तर इंजिनाच्या पोटात जमलेली पाण्याची वाफ उडून जात नाही आणि न जळलेले पेट्रोल तेलात मिसळत राहते. तेल पाहण्याच्या काचेत दुधट फेस दिसू लागतो, तो याचाच. बहुतेक आधुनिक मोटोक्रॉस गाड्यांत इंजिन आणि क्लच एकच तेल वापरतात, आणि ते तेलही दीड लिटरच्या आतच असते. पाणी आणि पेट्रोल मिसळलेल्या या तेलात घर्षण प्लेटांचे कागदी अस्तर आणि ते पत्र्याला धरून ठेवणारा गोंद हळूहळू कमकुवत होतात. म्हणजे प्लेटा भाजत असतात आणि त्याच वेळी त्यांच्या भोवतीचे तेल गार असते. म्हणूनच स्नो बाइकवाले कूलिंगच्या नळीत थर्मोस्टॅट बसवतात, रेडिएटरचा काही भाग झाकतात आणि इंजिनाभोवती उष्णतारोधक कापड गुंडाळतात. हे उपाय केवळ इंजिनासाठी नाहीत. माझ्या मते क्लचच्या आयुष्यासाठी इतका स्वस्त आणि इतका गुणकारी दुसरा उपाय नाही.

पट्ट्याची घसरण आणि क्लचची घसरण

आता मूळ प्रश्न. पट्टा बर्फावर घसरतो तेव्हा इंजिन आणि पट्टा यांच्यातले नाते बदलत नाही. गिअरबॉक्स, चेन, कीटमधला जोडशाफ्ट म्हणजे जॅकशाफ्ट, पट्टा फिरवणारी दातेरी चाके म्हणजे ड्रायव्हर, हे सगळे दातांनी एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळे एका ठराविक गिअरमध्ये इंजिनाचे फेरे आणि पट्ट्याचा वेग यांचे प्रमाण ठरलेले असते, मग गाडी जमिनीवर पुढे जावो वा न जावो. हे प्रमाण बिघडले, तरच क्लच सरकतो आहे असे म्हणता येते. म्हणून जमिनीकडे पाहू नका, पट्ट्याकडे पाहा. ज्यांच्या गाडीत वेग मोजणारा सेन्सर कीटच्या शाफ्टवर बसवलेला आहे आणि मीटरवर इंजिनाचे फेरेही दिसतात, त्यांचे काम फारच सोपे आहे. समजा, तिसऱ्या गिअरमध्ये दाबलेल्या बर्फाच्या सपाट वाटेवर मिनिटाला ६००० फेऱ्यांना मीटर ४० चा वेग दाखवतो. तर ९००० फेऱ्यांना त्याने ६० दाखवलेच पाहिजेत. ते ५० वरच अडून बसले, तर उरलेला वेग क्लचमध्ये हरवतो आहे. सेन्सर जॅकशाफ्टवर असल्यामुळे पट्टा बर्फात कितीही भिरभिरला तरी या हिशेबात फरक पडत नाही. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या गाडीचे आकडे क्लच नवा असताना एका कागदावर लिहून ठेवावेत.

मीटर नसेल तर दुसरी चाचणी आहे, पण ती जपून आणि क्वचितच करावी. गाडी गरम करा, सपाट जागी उभी करा, पुढे कोणी नाही याची खात्री करा, ब्रेक घट्ट धरा, वरचा गिअर टाका आणि थोडी रेस देऊन लिव्हर हळूहळू सोडा. क्लच शाबूत असेल तर इंजिन धापकन बंद पडते. लिव्हर पूर्ण सुटूनही इंजिन चालूच राहिले, तर क्लच धरत नाही. ही चाचणी स्वतःच क्लचला तापवते, त्यामुळे एकदा करून थांबावे.

याच्याशी गल्लत होईल असे तीन दोष आहेत. पट्टा ढिला असेल तर जोर दिल्यावर ड्रायव्हरचे दात पट्ट्याच्या आतल्या कंगोऱ्यांवरून उडी मारतात. तेव्हा मोठा कडकड आवाज येतो आणि पायाला धक्के जाणवतात. क्लच मात्र गुपचूप सरकतो, त्याला आवाज नसतो. झिजलेल्या स्प्रॉकेटवरून चेन उडते तेव्हाही असाच ठोका येतो. तिसरा दोष खरे तर दोष नव्हे, उंचीचा परिणाम आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर १००० फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे ९००० फुटांवर पाव भागाहून जास्त शक्ती गेलेली असते. पण शक्ती कमी पडते तेव्हा इंजिनाचे फेरे खाली येतात, आणि क्लच सरकतो तेव्हा ते वर जातात. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी निम्मे गैरसमज टळतात.

लिव्हर काय सांगते

घसरण सुरू होण्याच्या बऱ्याच आधी लिव्हर बोलू लागते. केबलच्या क्लचमध्ये लिव्हरच्या टोकाला साधारण १० मिलिमीटर प्ले, म्हणजे क्लच उघडू लागण्याआधीची मोकळी हालचाल, ठेवतात. प्लेटा झिजल्या की गठ्ठा बारीक होतो, प्रेशर प्लेट आत सरकते आणि प्ले आपोआप कमी होतो. केबल ताणली गेली तर नेमके उलट होते, प्ले वाढतो. म्हणून कोणी हात न लावताही प्ले कमी होत असेल, तर ती झिजेची खूण समजावी. प्ले पूर्ण संपला तर केबलच क्लचला किंचित उघडा ठेवते, आणि मग चांगला क्लचही सरकू लागतो. तिसरी शक्यता उष्णतेची आहे. खोल बर्फात झगडताना प्लेटा तापून फुगतात, गठ्ठा जाड होतो आणि लिव्हर एकदम ढिली लागते. हे जाणवले की तिथल्या तिथे थांबावे आणि वीस-तीस मिनिटे गाडी गार होऊ द्यावी. त्या क्षणी केबल आवळणे ही मोठी चूक आहे, कारण गार झाल्यावर प्ले उरतच नाही आणि उरलेला दिवस क्लच जळत राहतो.

हायड्रॉलिक क्लच झिजेची भरपाई स्वतःच करतो, त्यामुळे लिव्हरच्या हालचालीत फरक जाणवत नाही. तिथे वरच्या टाकीतल्या द्रवाची पातळी पाहावी. ब्रेकची पॅड झिजली की ब्रेकच्या टाकीतली पातळी खाली जाते. क्लचच्या प्लेटा झिजल्या की क्लचच्या टाकीतली पातळी वर येते, कारण खालचा पिस्टन मागे ढकलला जातो. म्हणून ब्रेकच्या सवयीने ही टाकी काठोकाठ भरू नये. जागा उरली नाही तर द्रवाचा दाब क्लचला अर्धवट उघडा ठेवतो. द्रव कोणता घालायचा हे टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. काही गाड्यांत डॉट ४ हा ब्रेकचा द्रव चालतो, काहींत खनिज तेल. एकाच्या जागी दुसरे घातले की रबरी सील फुगून निकामी होतात.

बर्फातली आणखी एक खास अडचण म्हणजे गोठलेली केबल. दिवसभराचे वितळलेले पाणी केबलच्या नळीत शिरते आणि रात्री तिथेच गोठते. सकाळी लिव्हर दाबली तर जाते, पण पूर्ण परत येत नाही, आणि चालकाला वाटते प्लेटा गेल्या. गाडी उबदार जागी वाळवून केबलमध्ये थंडीत घट्ट न होणारे वंगण सोडल्यावर हा दोष निघून जातो. जाड हातमोज्यांचेही असेच आहे. बोट लिव्हरवर टेकलेले आहे हे त्यातून कळत नाही, आणि तेवढ्या दाबानेही क्लच तासन्‌तास किंचित सरकत राहतो.

ज्यांच्या गाडीत आपोआप धरणारा सेंट्रिफ्यूगल क्लच बसवला आहे, त्यांनी वेगळे तपासावे. आयडाहोतल्याच बॉइझी शहरातील रेक्लूज कंपनीचे असे क्लच स्नो बाइकवर बरेच दिसतात, कारण खोल बर्फात इंजिन बंद पडू न देणे हा त्यांचा मोठा फायदा आहे. इंजिनाचे फेरे वाढले की आतली वजने बाहेर सरकून प्लेटा आवळतात आणि त्याच वेळी लिव्हर किंचित आत जाते. तपासण्यासाठी इंजिन गरम करून न्यूट्रलमध्ये ठेवावे, लिव्हरला मुठीभोवती रबरबँड लावावे आणि रेस द्यावी. लिव्हर कंपनीने सांगितलेल्या अंतराइतकी, म्हणजे टोकाला सुमारे ३ मिलिमीटर, आत ओढली गेली पाहिजे. ती हललीच नाही, तर क्लच पूर्ण धरत नाही आणि पुढच्या खोल बर्फात तो जळणार हे नक्की समजावे. ही तपासणी प्रत्येक फेरीआधी अर्ध्या मिनिटात होते.

क्लच पूर्ण सुटत नसेल तर

घसरण्याच्या उलट दोष म्हणजे लिव्हर दाबूनही क्लच न सुटणे. गिअर टाकताच गाडी पुढे झेपावते आणि न्यूट्रल सापडत नाही. थंड सकाळी हे काही प्रमाणात साहजिक असते, कारण घट्ट तेल प्लेटांना एकमेकींना चिकटवून ठेवते. तेल तापल्यावर ते थांबायला हवे. तापूनही थांबत नसेल, तर वाकड्या झालेल्या पोलादी प्लेटा किंवा बास्केटच्या बोटांवर, म्हणजे तिच्या खाचांच्या कडांवर, पडलेले खळगे यांचा संशय घ्यावा. घर्षण प्लेटांचे कान ॲल्युमिनियमच्या बास्केटवर वर्षानुवर्षे आदळून खळगे पाडतात, आणि मग प्लेटा सरकायच्या ऐवजी त्या खळग्यांत अडकतात. सकाळची आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. रात्रभर बाहेर उभ्या गाडीचा पट्टा आणि त्याची चाके बर्फाने जखडलेली असतात. क्लच सोडून तो पट्टा तोडून मोकळा करण्याचा मोह टाळावा. मागचा भाग उचलून आपटावा, पट्टा हाताने फिरवून पाहावा, आणि मगच गिअर टाकावा.

उघडून मोजणे

क्लच गाडीच्या उजव्या बाजूला असतो. गाडी डाव्या कुशीवर आडवी केली, तर बहुतेक मॉडेलांत तेल न काढताच वरचे झाकण उघडता येते. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून सोडवावेत. प्लेटा काढताना त्यांचा क्रम आणि दिशा यांचा फोटो घेऊन ठेवावा, कारण अनेक गाड्यांत सर्वांत आतली घर्षण प्लेट मोठ्या छिद्राची असते आणि तिच्या पोटात हादरे शोषणारी पातळ जडर स्प्रिंग बसते. ती उलटी बसवली तर क्लच थरथरत धरतो.

घर्षण प्लेटांची जाडी व्हर्निअरने तीन-चार ठिकाणी मोजावी. नवी प्लेट बहुधा ३ मिलिमीटरच्या आसपास असते आणि बदलण्याची मर्यादा तिच्यापेक्षा फक्त मिलिमीटरच्या काही दशांशांनी कमी असते; आपल्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. जाडी पुरेशी असूनही अस्तर काचेसारखे चकचकीत झाले असेल, किंवा त्याला जळका वास येत असेल, तर ती प्लेट गेलीच समजावी. पोलादी प्लेट सपाट काचेवर ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ मोजपट्टी, सरकवावा; ०.१ ते ०.२ मिलिमीटरची पट्टी आत गेली, तर प्लेट वाकलेली आहे. निळे-काळे डाग म्हणजे ती प्रमाणाबाहेर तापल्याची खूण. कॉइल स्प्रिंगची मोकळी लांबी मोजावी, आणि एक जरी मर्यादेखाली आली तरी सगळ्या एकदम बदलाव्यात. तापलेली स्प्रिंग मऊ होते, आणि नव्या प्लेटा मऊ स्प्रिंगांखाली पुन्हा जळतात. फक्त प्लेटा बदलून स्प्रिंगा जुन्याच ठेवण्याची काटकसर मी कोणालाही सुचवणार नाही.

नव्या घर्षण प्लेटा कोरड्या कधीही बसवू नयेत; गाडीत जे तेल आहे त्यातच त्या आधी भिजत ठेवाव्यात. स्प्रिंगांचे बोल्ट साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर इतकेच आवळायचे असतात, आणि त्यांच्या आट्या मऊ ॲल्युमिनियममध्ये असल्यामुळे टॉर्क रेंचशिवाय ते काम करू नये.

तेलाच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ ही खूण असलीच पाहिजे. ओल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठी जपानमध्ये १९९८ साली हे मानक तयार झाले. कारसाठीच्या, इंधनबचतीचा दावा करणाऱ्या तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, आणि क्लचला तर घर्षणच हवे असते. थंडीसाठी ५डब्ल्यू-४० सारखे, गार असतानाही पातळ राहणारे तेल निवडावे, उत्पादकाची मान्यता असेल तर. बदलण्याची मुदत उन्हाळ्यापेक्षा कमी ठेवावी. १० ते १५ तासांनी, आणि दुधट दिसले तर त्याच दिवशी. काढलेल्या तेलात काळा भुसा असेल तर तो अस्तराचा, आणि चंदेरी चकाकी असेल तर बहुधा बास्केटची.

चालवण्याच्या सवयीबद्दल एकच सांगतो. रुतल्यावर हाफ क्लचने झुंजण्याआधी उतरावे, गाडी आडवी पाडून पट्ट्याखाली पायाने बर्फ दाबून घ्यावा, आणि खालच्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून बाहेर पडावे. डोंगरात क्लच गेला तर गाडी ढकलून आणता येत नाही, आणि हिमस्खलनाच्या प्रदेशात अंधार पडेपर्यंत थांबणे हा खरा धोका असतो. तरीही क्लच सरकू लागलाच, तर आधी प्ले आहे ना ते पाहावे, गाडी गार होऊ द्यावी, आणि मग कमी रेसवर, दाबलेल्या वाटेने, जमेल तितका उतार धरून परतावे.

वसंतात कीट उतरवून चाके परत बसवताना झाकण उघडायला चांगली संधी मिळते. प्लेटांची जाडी, इंजिनाचे तास आणि त्या हिवाळ्यात किती खोल बर्फात गाडी चालवली ते वहीत लिहून ठेवावे. दोन हिवाळ्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की आपल्या हाताखाली किती तासांत ०.१ मिलिमीटर अस्तर जाते ते दिसते, आणि नव्या प्लेटा डिसेंबरच्या आधी मागवायच्या की नंतर, हे त्यावरून ठरवता येते.